आबांच्या ओवीची दुसरी ओळ

बाई,

फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मध्ये कितीदा तरी लिहायला बसलो आणि उठलो. गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, सुनेनं पाहिलं तर तिला काय वाटेल, असलेच विचार मनात यायचे आणि राहून जायचं. हे कारण खोटं नाही. पण तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात की हे दुसरं कारण झालं, पहिलं सांग. पहिलंही सांगणार आहे, फक्त जरा सावकाश सांगू द्या. माझी सत्तरी उलटली आहे. घरातून निघालो की गॅस बंद केला का ते बघायला दोनदा माघारी येतो. काळजी करायची सवय तुमच्यासमोरही होतीच, आता ती वाढली आहे. आणि गेले तीन आठवडे माझ्या गुरुवारच्या बैठकीचं काय होणार या एकाच काळजीनं मी जेवताना हात थांबवून बसतो.

मी आता मळवलीला राहतो. आपलं आरोग्यधाम केव्हाच बंद झालं. त्या जागेवर आता हॉटेल आहे, आणि जिथं छातीचे पेशंट उन्हाला बसायचे त्या लांब व्हरांड्यात आता पाहुणे मक्याची भजी खातात. ते बंद झाल्यावर मी काही वर्षं एका बंगल्याची राखण केली. मग भातशेतांच्या पलीकडे एक वृद्धाश्रम निघाला, तिथं सहज गेलो आणि विचारलं की आठवड्यातून एकदा कविता वाचून दाखवू का. त्याला अकरा वर्षं झाली. दर गुरुवारी सकाळी दहा वाजता, जेवणाच्या खोलीत. चौदा-पंधरा म्हातारी माणसं येतात, त्यातली निम्मी माझ्याहून लहान आहेत. तुम्ही शिकवलं तसंच करतो. कविता आधी आठवडाभर स्वतःच्या खिशात वागवायची, मग वाचायची. वाचून झाल्यावर गप्प बसायचं, पहिलं मी बोलायचं नाही. कवीला काय म्हणायचं आहे हे कुणाला विचारायचं नाही. कुणाला स्वतःची ओळ सांगायची असली तर ती लिहून घ्यायची, आणि त्यानं मागितल्याशिवाय तो कागद कुणाला दाखवायचा नाही. घरी आलो की नोंदवही. तुम्ही आखून दिले होते तेच रकाने: कोण आलं, काय वाचलं, कोण काय बोललं, आणि शेवटी तो अरुंद रकाना, आज मी काय करायला नको होतं. अकरा वर्षं भरतो आहे. सहीची जागा तेवढी रिकामी राहते.

तर झालं असं की तीन आठवड्यांपूर्वी आश्रमाच्या चालकांनी मला ऑफिसात बोलावलं. पुण्याला एक संस्था आहे, ती कवितेच्या उपचाराचं शिक्षण देते. आता या कामाचे नियम झाले आहेत. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यानं कविता वाचून दाखवायला हरकत नाही, पण त्याला उपचार म्हणायचं नाही, माणसांची दुःखं उकरायची नाहीत, नोंदी ठेवायच्या नाहीत. आश्रमानं तो नियम मान्य केला आहे. बाहेर आलो तर स्वयंपाकघरातल्या मावशींनी सगळं ऐकलेलंच होतं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आता कविता म्हनायला बी लायसन लागतंय व्हय भाऊ? मग माज्या भाकरीचं बी काडा की येक. लोकं खाऊन रडत्यात, त्यो बी उपचारच हाय." सगळे हसले. मी हसलो नाही. मावशींना वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून त्यांनी मला गरम भाकरी आणि ठेचा दिला. मला वाईट वाटलं नव्हतं. लायसन कशाला लागतं हे त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. मी वॉर्डबॉय, सातवी पास, कामाला लागून बारा-तेरा वर्षं झालेली. सकाळचं धुकं इतकं की घाटातले ट्रक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. तुम्ही पुण्याहून आलात, खादीची साडी, हातात दोन पुस्तकं, आणि मेट्रनला म्हणालात की औषधाबरोबर यांना कविता द्यायच्या आहेत. मेट्रनला वाटलं तुम्ही पुस्तकं विकायला आलात. पहिल्या बैठकीत मी पाण्याचा जग घेऊन भिंतीला टेकून उभा आहे. वॉर्डबॉयनं पेशंटसमोर बसायचं नाही असा नियम होता. तुम्ही वाचायचं थांबवलंत आणि म्हणालात, बस. मी म्हटलं, चालत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः एक लाकडी स्टूल घेऊन आलात, लोणावळ्याच्या बाजारातून, रिक्षात घालून. मेट्रनला सांगितलंत की जो उभा आहे त्याच्यापुढे आजारी माणूस बोलत नाही, तो पाणी मागतो. ते स्टूल माझं झालं. त्या दिवसापासून पेशंट मला हाक मारताना आवाज खाली आणायला लागले.

हळूहळू तुम्ही मला लिहून घ्यायच्या कामाला लावलंत. तुमचं अक्षर डॉक्टरसारखं, आणि पेशंटपैकी बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. मी मावळातला, त्यांची बोली माझी बोली. ते "आमी" म्हणाले की मी "आमी"च लिहायचो, तुम्हाला ते आवडायचं. एकदा एक तरुण पेशंट कविता ऐकता ऐकता रडायला लागला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, रडू नका. बैठक संपेपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मग कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी मला गाठलंत. तुमचा आवाज चढला नाही, पण मला अजून तसाच ऐकू येतो. "त्याला रडण्याचा त्रास होत नव्हता. तुला होत होता. तू स्वतःसाठी त्याला गप्प केलंस. हे शेवटच्या रकान्यात लिही." मी लिहिलं. तुम्ही खाली सही केलीत. त्यानंतर तो रकाना रिकामा असा कधी गेला नाही. मध्येच खोकलो. घड्याळ बघितलं. एकाचं ऐकताना दुसऱ्याकडे पाठ झाली. तुम्ही प्रत्येक ओळ वाचायचात आणि सही करायचात. एखाद्या दिवशी नुसतं "हं" म्हणायचात. मला त्या "हं"ची भीती वाटायची आणि त्याच्याशिवाय झोपही लागायची नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितली होती. माणसानं ओळ अर्धी सोडली तर अर्धीच लिहायची. पुढं टिंबंसुद्धा द्यायची नाहीत. जिथं तो थांबला तिथं तुझं पेन थांबलं पाहिजे. मी हो म्हटलं. पण बाई, मी जात्याशी वाढलेला माणूस. आई आणि चुलती समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात. एकीनं पहिली ओळ म्हटली की दुसरी तिच्यावर दुसरी ओळ घालायची, विचार न करता, जसा खुंटा पुढच्या हातात जातो तसा. ओवी अर्धी टाकून आई कधी जात्यावरून उठली नाही. मी शेजारी पीठ भरत बसलेला असायचो आणि माझ्याही तोंडात दुसरी ओळ तयार व्हायची. कुणी पहिली ओळ सोडून गप्प बसलं की मला अजूनही काहीतरी सांडल्यासारखं होतं.

आता आबांचं सांगतो. तिकोणा पेठेचे आबा, खिडकीजवळची खाट, आठवतात ना. धरणाच्या काठची थोडी शेती, छाती भरलेली, डोक्याला कायम मफलर. चार महिने बैठकीला आले, चार महिने एक अक्षर बोलले नाहीत. तुम्ही म्हणायचात, आबांना घाई करू नका, ते येतात हेच त्यांचं बोलणं. त्या आठवड्यात तुम्हाला पुण्यात काम निघालं आणि तुम्ही पहिल्यांदाच बैठक माझ्यावर सोपवून गेलात. मी आदल्या दिवशी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. एका आईवरची साधी कविता वाचली. सगळे गप्प आहेत. आणि आबा बोलतात. बोलत नाहीत, म्हणतात. जात्यावरच्या चालीत, हलक्या आवाजात, मफलरच्या आतून:

"लेक माघारी गं आली, उभी सांजच्या दारात..."

आणि थांबले. वरची टिंबं मी आज दिली आहेत, त्या दिवशी द्यायला वेळच झाला नाही. माझं पेन पुढं गेलेलं होतं. आबांचं तोंड अर्धं उघडं होतं, ते पुढचं शोधत होते, आणि मी लिहून मोकळा झालो. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचूनही दाखवलं:

"बाप उठला बिगीनं, तिला घेतली उरात."

वॉर्डात एकदम वा वा झालं. शेजारच्या खाटेवरचे मास्तर उठून बसले. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तेही खूश होतील. ते म्हणाले, "तसं लिवलं व्हय?" मी म्हटलं, व्हय आबा, बघा कसं जुळलं. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." एवढंच. मफलर वर ओढला. मला ते "ऱ्हाऊ द्या" त्या वेळी कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. पण सगळे म्हणत होते की कागद भिंतीवर लावा, आणि आबांनी मागितला नसताना मी तो लावला. एका दिवसात तुमचे दोन नियम मोडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि वही उघडलीत. ती ओवी वाचून तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्याच स्टुलावर बसलात. "हे त्यांनी सांगितलं?" मी म्हटलं, हो. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. "चार महिने लागले," तुम्ही म्हणालात. तुमचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या चेहऱ्यासमोर मला तोंड उघडता आलं नाही. मग तुमचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. मी तिथं लिहिलं होतं: काही नाही. तुम्ही म्हणालात, "काही नाही असं तू पहिल्यांदाच लिहितो आहेस." मी म्हटलं, काही नव्हतं. तुम्ही सही केलीत.

आबा त्यानंतर बैठकीला आले नाहीत. खाट त्या कागदाच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूला हलवून मागितली, खिडकीचं ऊन लागतं म्हणाले. तुम्ही म्हणालात की मोठं ओझं उतरलं की माणूस काही दिवस थकतो. मी मान हलवली. महिन्याभरात त्यांनी घरी जायचा हट्ट धरला आणि गेले. भात कापणीच्या सुमाराला ते वारल्याचा निरोप आला. मग एक दिवस त्यांची मुलगी आली, आबांचं घोंगडं आणि पितळी तांब्या न्यायला. तुम्ही त्या दिवशी नव्हता. मी सामान बांधून देतोय आणि ती भिंतीवरचे कागद बघते आहे. म्हणाली, "ह्यात आमच्या आबांचं बी हाय म्हनं. वाचून दावा की भाऊ." मी वाचलं. दुसरी ओळ वाचताना आवाज खाली गेला. ती मला म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं.

"उठलं कुटं?" ती म्हणाली. "बसल्या जागंवरनं म्हनलं, आली तशी जा. पायरीवर पानी बी न घेता माघारी गेलते मी." हे ती रागानं म्हणत नव्हती. रस्ता सांगावा तसं सांगत होती. मग कागदावर बोट टेकवून म्हणाली, "पर आबांनी असं लिवायला सांगितलं?"

बाई, तेव्हा तरी सांगायचं. समोर तीच उभी होती, मी होतो, तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, व्हय. ती म्हणाली, "म्हंजी मनात आलं व्हतं त्यांच्या." कागद काढून मागितला, चार घड्या केल्या, पिशवीत घातला आणि घोंगडं खांद्यावर टाकून गेली. आबा त्या दिवशी कुठं येऊन थांबले होते ते मला तिच्या तोंडून कळलं. चार महिन्यांनी माणूस त्या दारापर्यंत चालत आला होता. पुढची ओळ त्याची त्याला म्हणायची होती, आणि ती कशी होती हे आता कुणालाही कळणार नाही. मी त्याच्या आधी आत शिरलो आणि सगळं गोड करून ठेवलं. घरी जाऊन वही उघडली, "काही नाही" खोडायला पेन टेकवलं. पण तुमची सही शेजारी होती. आणि तोवर तुम्ही आबांच्या ओवीवर लेख लिहून तो छापायला पुण्याला पाठवून दिलेला होता. त्यानंतर तुम्ही बारा वर्षं होतात. बारा वर्षं आपण एकाच टेबलावर चहा प्यायलो.

आता परत इकडे येतो. संस्थेनं आश्रमाकडे एक मुलगी पाठवली, माझी बैठक बघायला. स्कूटरवर आली, पाठीवर बॅग, मानसशास्त्र शिकलेली, माझ्या नातीच्या वयाची. मी मॅडम म्हटलं तर म्हणाली, काका, नको ना. गुरुवारी कोपऱ्यात बसून राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही, वहीत डोकं घातलं नाही. मला ते बरं वाटलं. बैठकीनंतर तिनं समजावून सांगितलं की जुन्या कार्यकर्त्यांसाठी एक वाट ठेवली आहे. पदवी नसली तरी चालेल, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पुरेसं काम केल्याच्या नोंदी हव्यात, त्यांच्या सहीच्या. मी पेटीतून तुमच्या वह्या आणल्या. तिनं त्या मांडीवर घेतल्या आणि चाळता चाळता तिचा चेहरा बदलत गेला. म्हणाली, "काका, आम्ही हे सगळं आत्ता नियम म्हणून शिकतोय. तुम्ही तेव्हापासून करताय?" मग तिनं बॅगेतून त्यांची पुस्तिका काढली. शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी जे पान वाचून दाखवतात ते पान. तुमच्या लेखातला उतारा. माणसाची स्वतःची ओळ कशी येते, वाट कशी बघायची, याचा नमुना म्हणून. आणि त्याखाली आबांची ओवी, दोन्ही ओळी. ती मला वाचून दाखवत होती आणि दुसरी ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. "ही तुम्हीच लिहून घेतली होती ना?" मी म्हटलं, माझ्याच अक्षरात आहे.

तिनं एक फॉर्म ठेवला. खाली छापलं होतं की सोबतच्या नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत. पुढच्या सोमवारी न्यायला येते म्हणाली. चार दिवस मी तो फॉर्म टीव्हीवर ठेवला, कपाटात ठेवला, परत टीव्हीवर ठेवला. सही केली की गुरुवार माझा. तिथं एक आजी आहेत, सात महिन्यांनी आता कुठं नवऱ्याचं नाव घ्यायला लागल्या आहेत. त्यांना मी सोडून कसा जाऊ असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं की आबांनाही मी असाच सांभाळत होतो. सही न करता खरं सांगितलं तर माझं जाईल ते जाईल, पण तुमचं पान जाईल. संस्थेतले लोक तुमच्या नावाकडे वेगळं बघतील. तुम्ही काहीच केलेलं नाही. तुम्ही फक्त माझ्यावर विश्वास ठेवलात. हे मी तुम्हाला विचारून करायला पाहिजे होतं, म्हणूनही माफी मागतो. पण विचारायला तुम्ही नव्हता, आणि सोमवार आला.

आश्रमाच्या स्वयंपाकघरात टेबलाशी ती बसली होती, मावशी पलीकडे लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, मावशी, जरा बाहेर जाता का. त्या सुपासकट उठल्या. मग मी वहीतलं आबांचं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं आणि सांगितलं की पहिली ओळ आबांची, दुसरी माझी. आबांची मुलगी काय म्हणाली तेही सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते चहा निवायच्या आत सांगून झालं. तिनं वही स्वतःकडे ओढून घेतली. मला वाटलं ओरडेल, किंवा जाऊ द्या काका म्हणेल. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. विचारलं, "काका, हे मला पुढे सांगावं लागेल. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "त्यासाठीच सांगितलं."

"समितीचा निर्णय येईपर्यंत गुरुवार थांबवावे लागतील. मी स्वतः येऊन बसेन त्यांच्याबरोबर. आजींना सांगेन की तुम्ही आजारी नाही आहात, नाहीतर त्या काळजी करतील." मी मान हलवली. मग तिनं आबांच्या मुलीबद्दल विचारलं. ती आता साठीच्या पुढं असेल, पेठेतच असेल. तिला हे सांगायचं की तिच्याजवळ आहे ते राहू द्यायचं? मी म्हटलं, मला ठरवता येत नाही. ती म्हणाली, "मलाही येत नाही. मी माझ्या सुपरवायझरना विचारते." मला आश्चर्य वाटलं. एवढी शिकलेली मुलगी, तिच्यावरही कुणी आहे? ती म्हणाली, "सगळ्यांवर असतं काका. माझ्या मॅडमही त्यांच्या मॅडमना विचारतात." बाई, मला एकदम तुमची इतकी आठवण आली की मी उठून उगाच नळ सोडला. तुम्ही गेल्यापासून माझा शेवटचा रकाना कुणी वाचलेला नाही. मी लिहीत राहिलो आणि मीच वाचत राहिलो, आणि मला ठाऊक आहे की मी स्वतःला फार लवकर सोडून देतो. त्या मुलीला सगळं माहीत नाही, पण कुणाला विचारायचं हे माहीत आहे. नियम झाले ते चांगलं झालं. मावशींना हे कसं समजवायचं ते मात्र कळत नाही. गेले दोन आठवडे त्या या मुलीशी धड बोलत नाहीत, तिच्या ताटात पापड वाढत नाहीत.

काल वहीतलं ते आबांचं पान मी पुन्हा काढून बघितलं. तुमची सही त्या एका पानावर जरा वर आहे, शेवटच्या रकान्यापासून लांब. बाकी सगळीकडे ती रकान्याला चिकटून आहे. खाली जागा नव्हती म्हणून तसं झालं, की तुम्हाला कळलं होतं? कळून तुम्ही मी सांगायची वाट बघत होतात का? बारा वर्षं, चहा पिताना? वाट बघणं तुम्हाला येत होतं. हा विचार आला की मला बसवत नाही. मग वाटतं की मी पुन्हा तेच करतो आहे, तुम्ही जे म्हणालाच नाहीत ते तुमच्या तोंडी घालतो आहे.

आणि एक गोष्ट त्या मुलीला सांगितली नाही. तिला म्हणालो की तुमच्या भीतीनं गप्प बसलो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. ती ओळ मला आवडली होती, बाई. उभ्या आयुष्यात माझ्या हातून एवढीच एक चांगली ओळ झाली. तुम्ही ती वाचून चष्मा काढलात तेव्हा लाजेच्या खाली कुठंतरी मी खूश होतो, आणि पुस्तिकेत छापलेली बघितली तेव्हाही पहिल्यांदा तेच झालं. ती माझी आहे असं कुणाला तरी कळावं असं वाटायचं. आता कळलं, आणि आता संस्थेतले लोक ती काढून टाकतील. काढलीच पाहिजे. तरी काल तिथं बसल्या बसल्या मी ती एकदा हलक्या आवाजात म्हणून बघितली.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही हे मला समजतं. घडी करून वहीत ठेवणार आहे. समिती पुढच्या महिन्यात बसणार आहे म्हणतात, आणि मला तोवर धीर निघत नाही. तुम्ही रागावला असाल तर तसं, नसाल तर तसं, पण तुम्हाला कळलं होतं का, एवढंच सांगा. जमेल तसा, जमेल त्या वाटेनं निरोप धाडा. लवकर धाडा.